ससा, सही आणि सिलिका जेल

पुस्तकांच्या दुकानात बालविभागासमोर एकटाच उभा असलेला पन्नाशीचा पुरुष दिसला की तिथला विक्रेता मुलगा काळजीत पडतो. जवळ येऊन तो हळूच विचारतो, "वय काय, सर?" हा प्रश्न आपल्याबद्दल नसून घरी वाट बघणाऱ्या बाळाबद्दल आहे, हे लक्षात यायला जरा वेळ लागतो. मग एखादा भाचा, एखादी पुतणी, शेजाऱ्यांची नात असं कुणीतरी पुढे करावं लागतं. माझ्या ओळखीतली बाळं हळूहळू बारावीला जाऊन बसली आणि पुढे करायला कुणी उरेना, तेव्हा मी आर्ट बुकांकडे वळलो.

आर्ट बुक ही प्रौढ माणसाची फार मोठी सोय आहे. बत्तीस पानांच्या पातळ पुस्तकात ससा असला तर ते बालवाङ्मय. तोच ससा काळ्या कापडी बांधणीच्या अडीच किलोच्या ग्रंथात, पानाच्या मधोमध, चारी बाजूंना भरपूर कोरी जागा सोडून एकटा बसवला की ती कला होते. खाली बारीक अक्षरांत 'कागदावर शाई व जलरंग' असं लिहिलेलं असतं, आणि शेजारच्या पानावर त्याच सशाचे पाच नापास झालेले अवतार असतात. हा ग्रंथ मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला कुणी वय विचारत नाही. उलट पाहुणे आवाज खाली आणतात.

खोटं कशाला बोला, त्या नापास सशांतच खरी गंमत असते. क्वेंटिन ब्लेक या इंग्रज चित्रकाराची चित्रं पाहिली की वाटतं, फोनवर बोलता बोलता यानं कोपऱ्यात खरडलं असावं. रोआल्ड डालच्या पुस्तकांतली ती काटकुळी माणसं, विस्कटलेले केस, टोकदार नाकं. प्रत्यक्षात हा गृहस्थ आधी कच्चं रेखाटन करतो, ते खालून उजेड येणाऱ्या काचेच्या पेटीवर ठेवतो, वर जाड कागद घालतो आणि मग पुन्हा नव्यानं काढतो. खालचं चित्र फार स्पष्ट दिसू नये याचीही तो काळजी घेतो, नाहीतर ते गिरवल्यासारखं होईल! सहज दिसण्यासाठी इतके कष्ट घेणारी माणसं मी एरवी फक्त लग्नाच्या फोटोंत पाहिली आहेत. त्याचं २००० सालचं 'वर्ड्स अँड पिक्चर्स' किंवा शॉन टॅन या ऑस्ट्रेलियन चित्रकाराच्या वह्यांमधून निघालेलं 'द बर्ड किंग' चाळताना चोरून कुणाच्या तरी टेबलाचा खण उघडल्याचा आनंद मिळतो. टॅनला २०११ साली 'द लॉस्ट थिंग' या छोट्या चित्रपटासाठी ऑस्कर मिळालं. त्याच वर्षी बालसाहित्यातला मोठा मानला जाणारा आस्ट्रिड लिंडग्रेन पुरस्कारही मिळाला. त्यामुळे 'हे बघ, ऑस्करवाल्याचं आहे,' असं सांगून ते पुस्तक घरात आणणं तुलनेनं सोपं गेलं.

किंमत सांगायची पद्धतही ओघानं आलीच. "केवढ्याला?" या प्रश्नावर "साठ" एवढंच म्हणायचं. पौंड हा शब्द गिळायचा. २०१९पासून परदेशी छापील पुस्तकांवर ५ टक्के सीमाशुल्क लागतं, त्याचा उल्लेख करायचं तर कारणच नाही. लंडनहून येणाऱ्या भाच्याच्या तेवीस किलोंच्या सामानात आपले पाच किलो घुसवले की टपालखर्चही वाचतो. जाताना त्याच्या बॅगेत चकल्या गेलेल्या असतात, येताना त्या जागी कला येते.

पण पुस्तक मिळालं की संग्राहकाला नवं दुःख सुरू होतं. आपल्याकडे आहे तेच पुस्तक जगात आणखी दहा हजार लोकांकडे आहे! यावर उपाय एकच. सही.

सह्यांची उतरंड फार कडक असते. सगळ्यात खाली चिकटवलेली चिठ्ठी. चित्रकारानं घरी बसून सुट्या चिठ्ठ्यांवर सह्या केलेल्या असतात, दुकानदार त्या पुस्तकाला डकवतो. चित्रकार आणि पुस्तक यांची भेट झालेलीच नसते. त्याच्या वर बांधणीतलं सहीचं पान. प्रकाशक कोऱ्या पानांचा गठ्ठा पाठवतो, चित्रकार चहा पीत पाच-सातशे सह्या ठोकतो आणि मग ती पानं पुस्तकात बांधली जातात. ही सही अस्सल खरी, पण ती करताना पुस्तक जन्मालाच आलेलं नसतं. त्याच्या वर, शीर्षकाच्या पानावर समोरासमोर केलेली सही. आणि सगळ्यांच्या वर, सहीबरोबर काढलेलं छोटं चित्र: एक उंदीर, एक छत्री, नुसती शेपटी असली तरी चालेल. शेपटीचे वेगळे पैसे मोजणारे लोक मला ठाऊक आहेत. मी त्यातलाच.

या उतरंडीत एक मेख आहे, ती म्हणजे एमिली. 'प्रिय एमिलीला, वाढदिवसाच्या शुभेच्छा' असं लिहून सही केलेली प्रत नुसत्या सहीच्या प्रतीपेक्षा सहसा स्वस्त मिळते. कोण ही एमिली? कुणालाच ठाऊक नाही. चित्रकारानं तिच्यासाठी चार शब्द जास्त लिहिले, तिच्याकडे बघून हसलाही असेल, पण बाजाराच्या लेखी तिनं पान खराब केलं. मात्र एमिली पुढे नावारूपाला आली तर हेच पान सोन्याचं होतं. बिअट्रिक्स पॉटरचं 'द टेल ऑफ पीटर रॅबिट' आधी प्रकाशकांनी नाकारलं, म्हणून तिनं डिसेंबर १९०१मध्ये स्वतःच्या पैशानं २५० प्रती छापून ओळखीपाळखीत वाटल्या. त्यातली एक आर्थर कॉनन डॉइलच्या मुलांसाठी त्याच्या घरी गेली. अशा प्रतीवर मुरंब्याचा डाग असला तरी तो किमतीत जमा धरायचा. शेरलॉक होम्सच्या जन्मदात्याच्या घरातला डाग म्हणजे पुरावाच की!

हे व्यसन पसरवलं लंडनच्या प्रकाशकांनी. १९०५ साली हाइनमननं आर्थर रॅकहॅमच्या ५१ रंगीत चित्रांचं 'रिप व्हॅन विंकल' काढलं. साध्या आवृत्तीबरोबर २५० प्रतींची खास आवृत्तीही काढली. प्रत्येक प्रतीवर क्रमांक आणि खाली रॅकहॅमची सही. पुढच्या वर्षी 'पीटर पॅन इन केन्सिंग्टन गार्डन्स' आलं, त्याच्या सहीच्या प्रती ५००. मूळ चित्रं लेस्टर गॅलरीजमध्ये मांडून विकली गेली ती वेगळीच. मग एड्मंड ड्युलॅक आला, काय नील्सन आला, आणि दर नाताळाला परीकथांचे हे पाटाएवढे ग्रंथ दिवाणखान्यांत अवतरू लागले. तीन रंगांच्या ठशांनी छापायचं तर गुळगुळीत कागद लागायचा. म्हणून चित्रं वेगळी छापून जाड पानांवर चिकटवायची आणि वर पातळ कागदाचा पडदा घालायचा, अशी रीत होती. खास प्रतींची बांधणी पांढऱ्या व्हेलमची, म्हणजे वासराच्या ताणून वाळवलेल्या कातड्याची, आणि बंद रेशमी फितींचे. पुस्तक पऱ्यांचं, पण पडदा उचलायचा हक्क बाबांचा. बाळानं लांबून बघायचं आणि "हो, सुंदर आहे," म्हणायचं. पहिल्या महायुद्धानं या थाटाची कंबर मोडली, पण तोवर जगाला कळून चुकलं होतं की मुलांचं पुस्तक मुलांपासून जितकं लांब ठेवावं तितकं ते महाग विकता येतं.

व्हेलमचा एक गुण इथे मुद्दाम सांगायला हवा. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पुठ्ठे वाकडे होतात. लंडनच्या हवेतही होतात. त्या रेशमी फिती त्यांना सरळ धरून ठेवायलाच होत्या. असा ग्रंथ जुलै महिन्यात चिपळूणला आणला तर तो स्वतःहून पुन्हा वासरू होईल अशी मला भीती वाटते. तसला ग्रंथ घेण्याची ऐपत नसल्यामुळे हा प्रयोग राहिलेला आहे.

आता एक चमत्कारिक गोष्ट बघा. जुनी बालपुस्तकं इतकी महाग का? कारण धड प्रती फार थोड्या उरल्या. आणि थोड्या का उरल्या? तर मुलांनी ती वाचली. वाचली म्हणजे चघळली, ओढली, आंघोळीला नेली, धाकट्या भावाच्या डोक्यात घातली. एरिक कार्लचं 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' १९६९चं. त्यातली अळी पानंच्या पानं खात जाते आणि प्रत्येक फळाला खरोखरचं भोक पाडते. ही भोकं आणि लहानमोठी पानं परवडेल अशा खर्चात अमेरिकेत छापून मिळेनात म्हणून पहिली आवृत्ती जपानमध्ये छापावी लागली. भोक दिसलं की मूल त्यात बोट घालणार, हे कार्लला पक्कं ठाऊक होतं. ती भोकं बोटांसाठीच होती. आणि आज संग्राहक शोधतो ती अशी पहिली आवृत्ती, जिच्या एकाही भोकात कधी कुणाचं बोट गेलेलं नाही! पन्नास-साठ वर्षांपूर्वी फाडाफाडी करणाऱ्या त्या हजारो कार्ट्यांनी आमच्या कपाटाचा भाव वाढवून ठेवला, त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडेच.

सही मिळवायची खरी रणभूमी म्हणजे रांग. या बाबतीत फ्रेंच आणि बेल्जियन लोक सगळ्यांच्या पुढे. त्यांच्याकडे नुसती सही हा अपमान समजतात, चित्र काढून द्यावं लागतं. पॅरिसला लागून असलेल्या माँत्रॉयमध्ये १९८५पासून मुलांच्या पुस्तकांचा मोठा मेळा भरतो. तिथे चित्रकार जलरंगांची पेटी आणि पाण्याचा पेला घेऊनच टेबलाशी बसतात. एकेका पुस्तकाला दहा-दहा मिनिटं. रांगेत तिसरा असलात तर ठीक, तिसावा असलात तर जेवून या. कॉमिक्सच्या मेळ्यांत तर काही ठिकाणी गर्दी आवरेना म्हणून चिठ्ठ्या टाकून नंबर काढतात. मिळालेलं चित्र त्याच संध्याकाळी इंटरनेटवर विकायला काढणारे महाभागही याच रांगेत असतात, त्यामुळे चित्रकारही हुशार झाले आहेत. ते आधी नाव विचारतात आणि 'जाँ-पिएरसाठी' असं चित्राच्या पोटातच ठळक लिहून टाकतात. चोराला कायद्याचा धाक नसतो, पण जाँ-पिएरचा असतो.

मराठी माणसाची पंचाईत इथे वेगळी होते. इंग्लंडच्या दुकानांत रांगेतच हातात पिवळी चिठ्ठी देतात, तीवर नाव स्वच्छ लिहायचं, म्हणजे चित्रकाराला बघून उतरवता येतं. समजा कन्येचं नाव ज्ञानदा. डी, एन, वाय, ए. चित्रकार चिठ्ठीकडे बघतो, तुमच्याकडे बघतो, पुन्हा चिठ्ठीकडे बघतो. "डायना?" तुम्ही मान हलवता. तो सौजन्यानं विचारतो, डी उच्चारायचा की नाही? आता याला काय सांगायचं? विदर्भातला पाहुणा वेगळं सांगेल, हिंदीतला आणखी वेगळं. मागची रांग खाकरायला लागते. शेवटी तुम्ही म्हणता, "फक्त सही द्या." आणि बाहेर आल्यावर लक्षात येतं की नाव नसलेली, उतरंडीत वरच्या पायरीची प्रत आपल्याला बिनबोभाट मिळाली. मुलांची नावं ठेवताना मराठी आईबापांनी हा विचार जरूर करावा.

रांगेत बरोबर मूल असणं फायद्याचं, हेही सगळे संग्राहक जाणतात. मुलाला बघून चित्रकाराचा हात सैल सुटतो, उंदराला टोपी मिळते, टोपीला पीस मिळतं. पण मूल अडीच किलोचा ग्रंथ उचलू शकत नाही आणि चौथ्या मिनिटाला त्याला शू लागते.

मॉरिस सेंडॅकला हा सगळा प्रकार मनापासून नकोसा वाटायचा. 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' हे त्याचं १९६३चं पुस्तक अमेरिकेतल्या घराघरांत पोचलेलं, त्यामुळे सह्यांच्या रांगाही तशाच. त्याचं म्हणणं साधं होतं. मुलाला घरी वर्षानुवर्षं बजावायचं की पुस्तकात लिहायचं नाही, आणि मग एक दिवस त्याला ताटकळत उभं करून त्याचं सगळ्यात लाडकं पुस्तक एका अनोळखी म्हाताऱ्यापुढे धरायचं, की घ्या, लिहा यात. त्यानं सांगितलेला एक किस्सा आहे. बाप मागून ढकलतोय, आणि सेंडॅक पेन टेकवणार तोच पोरगा किंचाळला, की माझं पुस्तक घाण करू नका! सेंडॅकला त्या पोराचं भारी कौतुक वाटलं. मी मात्र या गोष्टीत बापाच्या बाजूचा आहे. पुढे त्या प्रतीला काय भाव आला असता, याचा विचार त्या कार्ट्यानं क्षणभरही केला नाही.

दुसरा किस्सा तर संग्राहकाचं काळीज चिरणारा. जिम नावाच्या मुलानं सेंडॅकला पत्र पाठवलं. सेंडॅकनं उत्तरादाखल कार्डावर एक राक्षस काढून पाठवला. काही दिवसांनी जिमच्या आईचं पत्र आलं, की जिमला ते कार्ड इतकं आवडलं की त्यानं ते खाऊन टाकलं. आपल्याला मिळालेली ही फार मोठी दाद, असं सेंडॅक म्हणायचा. अस्सल चित्र, हातानं काढलेलं, आणि ते पोटात! सेल्मा लेन्सनं १९८० साली 'द आर्ट ऑफ मॉरिस सेंडॅक' हा जाडजूड ग्रंथ लिहिला, सेंडॅकची सही असलेल्या त्याच्या प्रती आम्ही जगभर शोधत असतो. तो खायचा म्हटला तर एका जिमचं काम नाही, अख्खी शाळा लागेल.

आपल्याकडे हा छंद लावून घ्यायचा तर पहिली अडचण अशी, की सही कुणाची घ्यायची हेच पुस्तक चटकन सांगत नाही. लेखकाचं नाव मुखपृष्ठावर ठळक. चित्रकार बऱ्याचदा आत, मुद्रकाचा पत्ता आणि अक्षरजुळणी यांच्या गर्दीत अंग चोरून उभा. चांदोबात विक्रम राजा खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेऊन दर महिन्याला निघायचा. ते चित्र काढणारे 'शंकर', म्हणजे के. सी. शिवशंकरन, २०२० साली शहाण्णव वर्षांचे होऊन गेले. त्या चित्रानं आमच्या पिढीची झोप उडवली, पण चित्रकाराचं नाव विचारावं असं कुणाच्या मनात आलं नाही. आम्ही वेताळाचंच नाव विचारत होतो. अमर चित्र कथेतला 'कृष्ण' आणि टिंकलमधला सुपंडी हे दोघंही राम वाईरकरांच्या हातचे, हे मला कळलं तेव्हा डोक्यावर पांढरे केस आले होते.

आपल्या जुन्या उस्तादांनी यावर तोडगा काढला होता. ते सही चित्रातच करायचे. दीनानाथ दलालांनी १९४५मध्ये 'दीपावली' हा दिवाळी अंक सुरू केला, त्याच्या मुखपृष्ठावर कोपऱ्यात सही. रघुवीर मुळगावकरांच्या कॅलेंडरांतले देव लोकांनी चौकटी करून देवघरात लावले, आणि आरतीच्या वेळचा नमस्कार देवाच्या पायाशी असलेल्या मुळगावकरांनाही परस्पर पोचत राहिला. मराठी घर आणि चित्रकाराची सही नाही, असं होतच नसे. फक्त ती शेजारच्या घरातही अगदी तशीच असे, आणि संग्राहकाला नेमकं हेच खुपतं.

आजच्यांपैकी माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' आणि 'यश'ची पुस्तकं संग्राहकाच्या दृष्टीनं फार किफायतशीर आहेत. शब्दही त्यांचे, चित्रंही त्यांचीच. एका सहीत लेखक आणि चित्रकार दोन्ही वसूल होतात, दुसरी रांग लावावी लागत नाही. आणि चेन्नईच्या तारा बुक्सनं तर कमालच केली. 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' हे पुस्तक त्यांनी हातकागदावर, काळ्या पानांवर, एकेक रंग हातानं दाबत छापलं आणि प्रत्येक प्रतीवर हातानं क्रमांक घातला. चित्रं भज्जू श्याम, दुर्गा बाई आणि राम सिंह उर्वेती या मध्य प्रदेशातल्या गोंड चित्रकारांची. पान उघडलं की शाईचा वास येतो. याच भज्जू श्यामनं लंडनला जाऊन आल्यावर 'द लंडन जंगल बुक' केलं, त्यात बिग बेनचा कोंबडा झाला आणि भुयारी रेल्वेचं गांडूळ. गोंड चित्रकारांत प्रत्येकाची आकृती भरायची नक्षी आपापली असते, कुणाचे ठिपके, कुणाच्या साखळ्या, आणि जाणकार त्यावरूनच चित्र कुणाचं ते ओळखतात. म्हणजे हरणाच्या शिंगापासून शेपटीपर्यंत सहीच सही. तरी मी शीर्षकाच्या पानावर कोपऱ्यात पेनची सही आहे का, ते आधी बघतो. सवय.

बाकी मग राखण. जून लागला की प्रत्येक ग्रंथाला प्लास्टिकचं पारदर्शक कव्हर, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या, कडेला कडुनिंबाचा पाला. डांबरगोळ्या टाळतो, कारण आर्ट बुक उघडल्यावर त्याला पेटीतल्या शालूचा वास येऊ नये. कसर मात्र कशालाच दाद देत नाही. त्या चंदेरी किड्याला गुळगुळीत आर्ट पेपर आवडतो आणि बांधणीतली खळ त्याहून. जिमचाच वंश. घरात नवे डबे येतात त्यांतल्या सिलिकाच्या पुड्या मी आधीच काढून ठेवतो. बुटांच्या खोक्यातल्या पुडीवर सध्या शॉन टॅन जगतो आहे.

आपल्यामागे या सगळ्याचं काय होणार, हा विचार प्रत्येक संग्राहकाला कधीतरी गाठतो. फुटपाथवर 'सप्रेम भेट' लिहिलेली, पानंही न कापलेली पुस्तकं मी स्वतः वीस-वीस रुपयांत उचललेली आहेत, त्यामुळे फार भ्रमात नाही. परवा दारावर रद्दीवाला आला होता. सहज, माहिती असावी म्हणून, मी त्याला एक ग्रंथ दाखवला आणि भाव विचारला. त्यानं हातात तोलून बघितला, पान चिमटीत धरून पाहिलं आणि म्हणाला की गुळगुळीत कागदाला पेपरापेक्षा कमीच मिळतात. मी शीर्षकाचं पान उघडून सही दाखवली, खालच्या उंदरासकट. तो वाकून बघत धीर देण्याच्या सुरात म्हणाला, "लिहिलेलं असलं तरी चालतं, साहेब. वजनात फरक पडत नाही."